अमन लॉज : मधल्या स्टेशनाची कथा

विरारच्या पूर्वेस मनवेलपाडा नांवाची वस्ती आहे. तेथें राहणाऱ्या माणसापुढें ‘स्टेशन’ हा शब्द उच्चारला म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर काय उभें राहतें, हें सांगावयास नको. सकाळच्या वेळीं विरारच्या फलाटावर उभा असलेला मनुष्य स्टेशन पाहतच नाहीं. तो फक्त आपल्या पुढच्या माणसाची पाठ पाहतो. पण ह्याच विरारहून १२ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईंतील बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हां ती दिवसांतून एक वेळ जाणारी व एक वेळ येणारी होती. एवढ्यांत त्या काळच्या विरारकरांची गरज भागत असे. हा लोहमार्ग घालणाऱ्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीला मुख्यतः गुजराथेकडील कापूस मुंबईच्या बंदरांत आणावयाचा होता. विरारचा चाकरमान्या तिच्या हिशेबांत जवळजवळ नव्हताच. पुढें मुंबईंत राहावयास जागा उरली नाहीं, माणसें उत्तरेकडे सरकत गेलीं, आणि ज्या स्टेशनाला एका गाडीचा मान होता, त्याला गाड्या पुरेनाशा झाल्या.

श्रोतेहो, स्टेशनाचा मोठेपणा तें बांधणाराच्या नकाशांत लिहिलेला नसतो. तो पुढें, पुष्कळदां फार पुढें, तें वापरणाऱ्या माणसांच्या गरजेंतून जन्मास येतो. ह्या म्हणण्याचें विरारहून अधिक स्पष्ट असें एक उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यांत आहे. तें स्टेशन विरारच्या मानानें अगदींच चिमुकलें आहे. त्याचें नांव अमन लॉज. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या दोन फुटी लोहमार्गावरील तें शेवटून दुसरें स्टेशन होय.

ह्या स्टेशनाकडे माझें लक्ष वेधलें तें माझ्या मावशीमुळें. मावशी मनवेलपाड्यांत राहते. वय पंचाहत्तरीच्या पुढें, आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लग्न झाल्यावर ती यजमानांबरोबर माथेरानला गेली होती. तेव्हां गाडीला वाफेचें एंजिन होतें आणि प्रवास नेरळपासून होता. पुन्हां एकदां माथेरान पाहावें, अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. एका श्रावणांत आम्ही तिला मोटारीनें घेऊन गेलों. पावसाळ्यांत नेरळची गाडी बंद असते, म्हणून मोटार घाट चढून दस्तुरीच्या नाक्यापर्यंत नेली आणि तेथून चार पावलांवर असलेल्या अमन लॉजच्या फलाटावर तिला आणून बसविलें. धुकें इतकें दाट होतें कीं समोरचें झाडही दिसत नव्हतें. मावशीनें पाटीवरचें नांव वाचलें, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, “अरे, हें तर मधलें स्टेशन. आपण मधूनच कसें चढतों?”

त्या प्रश्नाचें उत्तर मीं तिथल्या तिथें “पावसाळा आहे, मावशी,” असें दिलें. परंतु तें उत्तर अपुरें होतें. पुरें उत्तर द्यावयाचें तर पाऊणदोनशें वर्षें मागें जावें लागतें.

माथेरान ह्या नांवाची फोड माथ्यावरचें रान अशी सांगतात. डोंगराच्या सभोंवारच्या वाड्यांतील ठाकूर, कातकरी व धनगर ह्यांना तें रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पण सरकारी दप्तरांत त्याचा ‘शोध’ लागला तो १८५० च्या मे महिन्यांत. ठाण्याचे तेव्हांचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं चौकच्या बाजूनें डोंगर चढून माथा पाहिला, आणि तेथील हवेची वार्ता मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत पसरली. पुढें गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांनीं त्या जागेला आश्रय दिला, आणि मुंबईचे धनिक तेथें बंगले बांधूं लागले. ह्याच सुमारास, १८५६ सालीं, जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग नेरळवरून खोपोलीपर्यंत पोंचला. म्हणजे मुंबईहून डोंगराच्या पायथ्यापर्यंत येणें सोपें झालें. अवघड उरला तो केवळ चढ.

तो चढ पुढील पन्नास वर्षें माणसांच्या खांद्यांवरून व घोड्यांच्या पाठीवरून पार पडला. ज्याच्यापाशीं पैसा त्याला पालखी किंवा तट्टू. ज्याच्यापाशीं नाहीं त्याला स्वतःचे पाय. मोसमांत नेरळला उतरलेल्या पाहुण्यांची संख्या अधिक आणि वाहनें थोडीं, असा प्रकार वारंवार घडे. ह्याच अडचणींतून माथेरानच्या आगगाडीची कल्पना निघाली, अशी एक आख्यायिका आहे. मुंबईचे विख्यात बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय हे एकदां नेरळास आले असतां त्यांना वर जाण्यास वाहन मिळालें नाहीं. ते तसेच मुंबईस परतले, आणि ‘आतां माथेरानला जाईन तो स्वतःच्या आगगाडींतून’ असा त्यांनीं निश्चय केला, असें सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, आगगाडी मात्र खरी आहे. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनीं हें काम अंगावर घेतलें. वडिलांनीं पैसा पुरविला. १९०४ सालीं काम सुरू झालें, सुमारें सोळा लक्ष रुपये खर्च पडला, आणि २२ मार्च १९०७ रोजीं गाडी सुरू झाली. सरकारनें न काढलेली, परक्या कंपनीनें न बांधलेली, मुंबईच्या एका व्यापारी घराण्यानें स्वतःच्या हिमतीवर उभारलेली अशी ही डोंगरी आगगाडी होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ह्या कामीं सल्लागार म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाचे इंग्रज इंजिनियर होते. महाराष्ट्राला ह्या गृहस्थाचें नांव परकें नाहीं. बार्शीची लहान आगगाडी, जिनें पुढें पंढरीच्या वारकऱ्यांची अपार सोय केली, ती ह्यांचीच. अरुंद रुळांवरही पुष्कळ काम होऊं शकतें, असा त्यांचा सिद्धांत होता. बार्शीला त्यांनीं अडीच फुटांचे रूळ घातले होते. माथेरानला डोंगराची अडचण मोठी, म्हणून तेथें दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट ठेवलें. नेरळला शेजारूनच जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांत तें साडेपांच फूट आहे. दोन्ही रूळ एका दृष्टिक्षेपांत पाहिले म्हणजे बापाच्या वहाणेशेजारीं मुलाची वहाण ठेवावी, तसें वाटतें.

येथें थोडा हिशेब केला पाहिजे, कारण अमन लॉजचें सारें भवितव्य ह्या हिशेबांत दडलेलें आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारें ४० मीटर उंचीवर, आणि माथेरान सुमारें ८०० मीटरवर. म्हणजे गाडीला साडेसातशें मीटरांहून अधिक चढावयाचें. घोडा पायवाटेनें नाकासमोर चढतो, कारण त्याचा खूर दगडांत रुततो. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर केवळ घर्षणाच्या बळावर उभें असतें. चढ फार झाला कीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. बोरघाटांतील मोठ्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ स १ आहे. माथेरानच्या वाटेवर तो कांहीं ठिकाणीं २० स १ पर्यंत जातो, आणि त्याहून अधिक चढविण्याची सोय नव्हती. तेव्हां उपाय एकच : वाट लांबवावयाची. डोंगराच्या कुशींतून नागमोडी वळसे घेत, घोड्याच्या नालेसारखीं वळणें टाकीत, ही वाट सुमारें २१ किलोमीटर लांब झाली. बोरघाटांत पूर्वीं खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरविण्याचें एक स्टेशन होतें. तें १९२९ सालीं सुटलें. दार्जिलिंगच्या वाटेवर गाडी पुढें-मागें होत चढते. निलगिरीच्या वाटेवर दोन रुळांमध्यें दांत्यांची पट्टी आहे. माथेरानला ह्यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें केवळ वळणें आहेत, आणि वळणांवर सारा भरंवसा आहे.

इतक्या आखूड वळणांवर सहा चाकांचें ताठ एंजिन अडकून बसलें असतें. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन व कोपेल ह्या कारखान्यांतून खास एंजिनें आणविलीं. त्यांच्या पहिल्या व शेवटच्या आंसाची रचना मोठी चतुराईची होती. चौकटींत बसविलेल्या आंसावर दुसरा एक पोकळ आंस चढविलेला असे. चाकें त्या पोकळ आंसाला जोडलेलीं, आणि आंतल्या आंसाशीं त्याचा सांधा मध्यभागीं गोळ्यासारखा. त्यामुळें वळण आलें कीं चाकांची जोडी वळणाच्या बाजूस किंचित फिरे, पण एंजिनाचें सर्व वजन ओढणाऱ्या चाकांवरच राही. म्हणजे वळण्याची सोय झाली आणि पकडही सुटली नाहीं. हीं एंजिनें १९८० च्या सुमारापर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षें, राबलीं. मधल्या काळांत, १९५० नंतर, जर्मन बनावटीचीं डिझेल एंजिनें आलीं होतीं. तींच पुढें गाडी ओढूं लागलीं.

आतां ह्या वाटेवरील स्टेशनें पाहूं. नेरळ आणि माथेरान हीं दोन टोंकें सोडलीं तर मध्यें तीन : जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज. पहिल्या दोहोंचें प्रयोजन स्पष्ट आहे. जुम्मापट्टीला चढणारी आणि उतरणारी गाडी एकमेकींना ओलांडून जात. एकेरी मार्गावर अशी जागा नसेल तर दिवसांतून एकाहून अधिक गाड्या सोडतांच येत नाहींत. वॉटर पाइप ह्या नांवांतच त्याचें काम सांगितलेलें आहे. चढावर वाफेचें एंजिन पाणी फार पितें, आणि अर्ध्या वाटेवर त्याची तहान भागवावी लागते. म्हणजे एक स्टेशन गाड्यांच्या भेटीसाठीं आणि दुसरें एंजिनाच्या तहानेसाठीं. प्रवाशांसाठीं म्हणून त्यांतलें एकही नव्हतें.

अमन लॉजला तर त्या काळीं ह्यांतलें कोणतेंच मोठें काम नव्हतें. येथवर आली कीं गाडीचा बहुतेक चढ संपलेला असे. डोंगराच्या माथ्यावरची तांबडी माती आणि जांभळांचें रान सुरू होई. डब्यांतलीं माणसें बिछाने गुंडाळूं लागत. पुढें माथेरान सुमारें तीन किलोमीटर. जेथें सामान बांधावयाचें पण उतरावयाचें नाहीं, असें तें स्टेशन होतें. मावशीला तें ‘मधलें’ म्हणून आठवत होतें, तें अगदीं बरोबर होतें.

मग तें मधलें स्टेशन पहिलें कसें झालें? त्याचें कारण लोहमार्गावर नाहीं, शेजारच्या सडकेवर आहे. नेरळहून मोटारीचा घाट तयार झाला. गाडीला जी उंची चढावयास दोन-अडीच तास लागत, ती मोटार अर्ध्या तासांत चढूं लागली. कारण उघड आहे : रबरी चाकाची डांबरी रस्त्यावर पकड लोखंडी चाकाच्या कितीतरी पट अधिक, म्हणून मोटारीला एकवीस किलोमीटरांचा वळसा घालावयास नको. सामान्यतः अशा वेळीं आगगाडी हरते आणि मोटार थेट गांवाच्या चौकांत जाऊन उभी राहते. महाराष्ट्रांतील कितीतरी लहान लोहमार्ग ह्याच रीतीनें मोडीत निघाले.

परंतु माथेरानमध्यें एक निराळी गोष्ट होती. ह्या गांवानें मोटारीला आंत येऊंच दिलें नाहीं. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही बंदी स्वातंत्र्यानंतरही टिकली, आणि २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केल्यावर तिला कायद्याचें अधिक बळ आलें. आजाऱ्याची गाडी आणि आगीचा बंब एवढेच काय ते अपवाद. बाकीच्या सर्व मोटारी दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. आणि दस्तुरीचा नाका नेमका अमन लॉजच्या दाराशीं आहे.

अशा रीतीनें, श्रोतेहो, त्या चिमुकल्या स्टेशनाचें नशीब फिरलें. रेल्वे बांधणाऱ्यांच्या हिशेबानें तें शेवटून दुसरें. सडकेनें येणाऱ्यांच्या हिशेबानें तें पहिलें. सडक जेथें संपते तेथें तें उभें आहे, आणि सडक तेथेंच संपावी असा एका गांवाचा निर्धार आहे. एवढेंच त्याच्या महत्त्वाचें रहस्य.

ह्या तीन किलोमीटरांचा इतिहास हा माथेरानच्या कष्टकऱ्यांचा इतिहास आहे. दस्तुरीहून गांवांत जावयाचें तर पूर्वीं वाटा चार होत्या : पायीं चालावें, घोड्यावर बसावें, हातरिक्षेंत बसावें, किंवा अमन लॉजला गाडी धरावी. घोड्यांच्या धंद्यावर तेथील अनेक कुटुंबें पोसलीं आहेत; वाण्याचा माल आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्यासुद्धां घोड्यांच्या पाठीवरून जात आल्या. हमाल डोक्यावर पेट्या घेऊन चालत. आणि हातरिक्षा म्हणजे माणसानें माणसाला ओढावयाची गाडी. समोरून ओढावयाची आणि चढावर मागून रेटावयाची. तांबड्या मातीच्या खडबडीत वाटेवर पावसापाण्यांत हें काम करणाऱ्या माणसाची छाती किती दिवस टिकत असेल, ह्याचा विचार आंत बसलेल्यानें सहसा केला नाहीं. १८५० नंतर जो चढ नेरळपासून माणसांच्या खांद्यांवर होता, त्याचा शेवटचा तुकडा दीडशें वर्षांनंतरही माणसांच्याच हातांत राहिला होता.

हा प्रश्न पुढें न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें २०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या कांहीं रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या. २०२५ च्या ऑगस्टांत त्याच न्यायालयानें माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला, आणि माणसानें माणसाला ओढण्याची ही रीत मानवी प्रतिष्ठेशीं विसंगत असल्याचें स्पष्ट केलें. घोडेवाल्यांचें म्हणणें निराळें आहे, आणि पोटाच्या प्रश्नाला तें धरूनच आहे. परंतु ह्या साऱ्या वादाच्या मध्यभागीं एक वाहन शंभराहून अधिक वर्षें कोणाच्याही छातीवर भार न टाकतां त्याच वाटेनें जात होतें, ही गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. अमन लॉजहून माथेरानला जाणारी लहान गाडी ती हीच. म्हातारीकोतारी, कडेवर मूल असलेली बाई, शहरांतल्या दवाखान्यांतून परत येणारा माथेरानकर, ह्या सर्वांना ती सारख्याच भावानें घेते. गाडीला सामानाचा डबाही जोडतात. भाजीपाला आणि किराणा त्यांतून जातो.

ह्या तीन किलोमीटरांची गरज किती खरी आहे, हें मागील वीस वर्षांच्या आपत्तींनीं दाखवून दिलें. २६ जुलै २००५ च्या प्रलयकारी पावसांत डोंगराचे कडे कोसळले, रूळ हवेंत लोंबकळूं लागले, आणि सारा मार्ग बंद पडला. तो दुरुस्त होऊन गाडी पुन्हां धांवली ती २००७ च्या मार्चांत, म्हणजे शंभरी भरण्याच्या अगदीं तोंडावर. पूर्वीं दर पावसाळ्यांत सगळीच गाडी बंद ठेवीत. पण २०१२ च्या सप्टेंबरांत हवेच्या दाबाचे ब्रेक लावलेली गाडी अमन लॉज आणि माथेरान ह्यांच्यामध्यें पावसाळ्यांत प्रथमच चालविण्यांत आली, आणि पावसांतही हा वरचा तुकडा चालूं शकतो असें सिद्ध झालें. २०१६ च्या मे महिन्यांत अमन लॉजच्या आसपास डबे रुळांवरून घसरण्याचे दोन प्रसंग घडले, आणि गाडी थांबविण्यांत आली. पुन्हां सुरू करतांना पहिल्यानें काय सुरू झालें? २०१७ च्या ऑक्टोबरांत अमन लॉज ते माथेरान. नेरळपासूनची गाडी २०१८ च्या जानेवारींत. २०१९ च्या पावसाळ्यांत पुन्हां मार्ग वाहून गेला. तेव्हांही त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमन लॉजची गाडी सुरू झाली. नेरळहून गाडी सुटावयास २०२२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

ह्या तारखा मीं मुद्दाम ओळीनें सांगितल्या. प्रत्येक वेळीं धाकटा तुकडा आधीं उभा राहिला आणि थोरला मागाहून. शेवटच्या खेपेस तर जवळजवळ तीन वर्षें मागाहून. ह्याचें एक कारण निसर्गांत आहे. खालचा मार्ग उतारावर कोरलेला, त्यामुळें दरड आणि ओढा ह्यांच्या तावडींत सांपडणारा. वरचा मार्ग माथ्याच्या सपाटीवर, म्हणून सुरक्षित. पण दुसरें कारण माणसांत आहे. नेरळची गाडी बंद पडली तर पाहुणे हळहळतात आणि मोटारीनें घाट चढतात. अमन लॉजची गाडी बंद पडली तर माथेरानच्या रहिवाशाचें रोजचें जिणें अडतें. हळहळ आणि अडचण ह्यांत अडचणीचा आवाज नेहमींच मोठा असतो, आणि तो मोठा असावा हेंच योग्य.

येथपर्यंत ही एका लहान स्टेशनाच्या भाग्योदयाची कथा झाली. पण तींत एक धोकाही आहे, आणि तो सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं.

जगांतील डोंगरी आगगाड्यांना आतां वारसा म्हणून मान मिळूं लागला आहे. युनेस्कोनें १९९९ सालीं दार्जिलिंगच्या गाडीला जागतिक वारशांत स्थान दिलें. त्याच नोंदींत २००५ सालीं निलगिरीची आणि २००८ सालीं कालका–सिमल्याची गाडी आली. माथेरानच्या गाडीचें नांव २००५ पासून भारताच्या प्रतीक्षायादींत आहे. ही मान्यता मिळावयाची तर ती कशाला मिळेल? अमन लॉजच्या सपाट तीन किलोमीटरांना नव्हे. ती मिळेल त्या चढाला, त्या नालेसारख्या वळणांना, डोंगराच्या कुशींतून काढलेल्या त्या लांब वाटेला, आणि दोन फुटांच्या रुळांवर साडेसातशें मीटर चढण्याचा पण करणाऱ्या त्या बुद्धीला. वारसा आहे तो खालच्या अठरा किलोमीटरांत. उपयोग आहे तो वरच्या तीन किलोमीटरांत. आणि वारसा व उपयोग ह्यांची अशी फारकत झाली म्हणजे वारशाला पोसणार कोण, हा प्रश्न उभा राहतो.

‘वरची गाडी चालतेच आहे, खालचीची काय घाई?’ हा विचार मनांत येणें सोपें आहे. कोणी दुष्टपणानें तो करील असें नाहीं. दुरुस्तीचा खर्च आणि पुढच्या पावसाची भीति हींच तो सुचवितील. मग जुम्मापट्टीला गाड्यांची भेट होणार नाहीं, वॉटर पाइप हें नांव कां पडलें हें कोणी विचारणार नाहीं, आणि अमन लॉजहून निघालेली गाडी एखाद्या बागेंत मुलांना फिरविणाऱ्या गाडीसारखी तीन किलोमीटर जाऊन परत येईल. तिला आरंभ नसेल. दहा-वीस वर्षांनीं लोकांना ठाऊकही नसेल कीं ही गाडी एके काळीं डोंगर चढून आली होती.

अमन लॉजला मिळालेलें महत्त्व त्याला त्याच्या शेजाऱ्यांकडूनच उसनें मिळालेलें आहे. नेरळपासूनचा मार्ग घातला गेला म्हणूनच अमन लॉज ते माथेरान हा तुकडा अस्तित्वांत आहे. केवळ तीन किलोमीटरांसाठीं माथ्यावर रूळ नेण्याचें कोणाच्याही स्वप्नांत आलें नसतें. व्यवहाराची बाजूही हेंच सांगते. डबा मोठ्या दुरुस्तीसाठीं न्यावयाचा तर तो नेरळला उतरावा लागतो. वाट तुटली कीं वर अडकलेलीं एंजिनें आणि डबे बेटावर अडकल्यासारखे होतात. मधल्या स्टेशनाला दोन्ही बाजूंनीं वाट असावी लागते. एक बाजू तुटली म्हणजे तें मधलें राहत नाहीं, केवळ उरलेलें होतें.

आतां मावशीची गोष्ट पुरी करतों. गाडी आली. डब्याची पायरी तिच्या गुडघ्यांना उंच वाटली; एका अनोळखी माथेरानकर मुलीनें हात दिला आणि ती आंत जाऊन खिडकीशीं बसली. दहा-पंधरा मिनिटांत धुक्यांतून माथेरानचा बाजार आला. मला वाटलें होतें कीं तिचा हिरमोड झाला असेल. परंतु उतरल्यावर ती म्हणाली, “हे गुडघे घेऊन मला एवढी वाट चालवली नसती. गाडी होती म्हणून आलें.” आणि थोडें थांबून म्हणाली, “पण पुढच्या खेपेस नेरळहून ये हं मला घेऊन. ती वळणें पुन्हां पाहिलीं पाहिजेत.”

मला वाटतें, माथेरानच्या आगगाडीविषयीं ह्याहून अधिक नेमकें कांहीं सांगतां येणार नाहीं. गाडी होती म्हणून आलें, हें अमन लॉजचें म्हणणें. आणि तीं वळणें पुन्हां पाहिलीं पाहिजेत, हें नेरळचें. ह्या दोन मागण्यांत एकीला गरज म्हणावें आणि दुसरीला हौस म्हणून सोडून द्यावें, असें करणें सोपें आहे. परंतु पंचाहत्तरीच्या त्या बाईनें दोन्ही मागण्या एका दमांत केल्या. तिला त्या वेगळ्या वाटल्या नाहींत.

विरारच्या ज्या स्टेशनावरून १८६७ सालीं एकच गाडी सुटत होती, तेथून दादरला उतरावें, मध्य रेल्वेची कर्जत गाडी धरावी आणि नेरळला यावें. पावसाळा संपून नेरळची गाडी सुरू झालेली असेल तर सकाळची गाडी गांठावी. दोन-अडीच तास जातात खरे. वाटेंत जुम्मापट्टी येतें, वॉटर पाइप येतें, वळणांमागून वळणें येतात, आणि शेवटीं मोटारींची गर्दी असलेलें एक लहान स्टेशन येतें. तेथें बरींच माणसें चढतात. त्यांना तें पहिलें स्टेशन वाटत असतें. आपण खालून आलेल्यांनीं जरा सरकून त्यांना जागा द्यावी, आणि विचारलें तर सांगावें कीं हें मधलें स्टेशन आहे. आम्ही नेरळपासून येत आहों.